पेटका म्हणजे धनुर्वात नव्हे हो!

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, तेही मोबाईलवर टाईप करून, तेव्हा शुद्धलेखनाकडे जरा काणाडोळा करा. मी बीएएमएस, तालुक्याच्या गावी गेली तीसेक वर्षं दवाखाना चालवते. कारण असं घडलं की मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत रात्री पोटरीत गोळा का येतो यावर एक लेख होता. लेख तसा बरा होता, पाणी प्या, पाय ताणा, झोपण्याआधी थोडं चाला वगैरे सगळं ठीक. पण खाली एक रंगीत चौकट, त्यात लिहिलेलं की मसल स्पॅझमला मराठीत धनुर्वात म्हणतात आणि हा शब्द इंग्रजीतल्या टिटॅनसचं भाषांतर करताना बनवला गेला. दोन ओळी आणि दोन्ही चुकलेल्या.

सोमवारी सकाळी ओपीडीत पहिलेच पेशंट आमचे एक ओळखीचे आजोबा. खिशातून चार घड्या घातलेलं ते कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, बाई, मला दोन महिन्यांपासून रात्रीचा धनुर्वात होतोय आणि तुम्ही मला नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या देताय. मला आधी हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा पूर्वी धनुर्वातानं गेलेला, त्यांनी तो बघितलेला आहे. त्या माणसाला दोन रात्री झोप लागली नव्हती तुमच्या चौकटीपायी.

तर आधी फरक सांगते आणि मग शब्दाकडे येते, कारण खरं म्हणजे मला शब्दाबद्दलच लिहायचंय.

पोटरीत येतो तो पेटका. कुणी गोळा येणं म्हणतं, कुणी वांब येणं म्हणतं. एकच स्नायू घट्ट होतो, काही सेकंद नाहीतर काही मिनिटं जीव नकोसा होतो, आणि पायाचा पंजा आपल्याकडे ओढून धरला की सुटतो. लहान मुलाला तापात झटके येतात ती आकडी, ती मेंदूशी संबंधित. उचकी, ती सुद्धा खरं तर स्पॅझमच, श्वासपटलाचा. एवढे शब्द आपल्याकडे वेगवेगळे आहेत आणि लोक ते बरोबर वापरतात, गावातली कुठलीही आजी पेटका आणि आकडी यांत गल्लत करणार नाही. स्पॅझम या इंग्रजी शब्दाच्या पोटात मात्र हे सगळं येतं, तो ग्रीक शब्दावरून आलाय, मूळ अर्थ ओढणं, खेचणं. म्हणजे एका ढोबळ शब्दाला मराठी शब्द शोधायचा म्हणून त्यातला सगळ्यात भयंकर आजार उचलून चिकटवला, असं झालं.

धनुर्वात हे एका विशिष्ट रोगाचं नाव आहे. जखमेतून जंतू आत जातो, तो तिथेच बसून विष तयार करतो, ते विष नसांमधून वर चढत मज्जारज्जूपर्यंत जातं, आणि तिथे स्नायूंना आता पुरे, सैल पड असं सांगणारा जो निरोप असतो तोच अडवतं. म्हणजे आखडण्याचा हुकूम चालू आणि थांबण्याचा हुकूम बंद. आधी जबडा, मग मान, मग पाठ. जखम झाल्यापासून साधारण तीन दिवस ते तीन आठवडे, बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत हे सुरू होतं, तोवर जखम कधी कधी भरूनही आलेली असते आणि माणूस ती विसरलेला असतो.

मी इंटर्नशिपला असताना एक बघितलाय. शेतकरी माणूस, चाळिशीचा, बैलगाडीच्या कामात पायाच्या अंगठ्याला जखम झालेली, वर माती आणि हळद. घरच्यांनी आणला तेव्हा म्हणत होते दातखीळ बसलीय, बाहेरचं काहीतरी असेल, देवऋषी करून झालाय. त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं, दाराला जाड चादर, बोलायचं ते कुजबुजत, कारण उजेड, आवाज, नुसता हात लागला तरी झटका यायचा. एकदा बाहेर पॅसेजमध्ये कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. तो माणूस पलंगावर डोकं आणि टाचा एवढ्याच टेकवून मधनं असा वर उचलला गेला की खालून हात गेला असता. आणि पूर्ण शुद्धीत, हो. हा रोग शुद्ध हरपवत नाही, सगळं कळत असतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पुस्तकात धनुष्य का लिहिलंय. तोपर्यंत मला ती नुसती उपमा वाटायची.

हे भाषांतर कसं असेल सांगा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पहिलाच अध्याय वातव्याधींचा आहे, आम्हाला तो पाठ करावा लागायचा. त्यात अंग पुन्हा पुन्हा फेकलं जातं तो आक्षेपक, काठीसारखं ताठ होतं तो दंडापतानक, आणि धनुष्यासारखं वाकतं तो धनुःस्तंभ. धनुष्य पुढे वाकलं तर अभ्यंतरायाम, मागे वाकलं तर बाह्यायाम. आयाम म्हणजे ताणणं, लांबवणं, प्राणायामातला आयाम तोच. आणि तिथेच पुढे सांगितलंय की गर्भपातानंतर झालेला, फार रक्त गेल्यावर झालेला आणि मार लागून झालेला अपतानक (म्हणजे हेच आखडण्याचे झटके) बरा होत नाही. आता बघा, बाळंतपणातली किंवा गर्भपातातली जखम आणि बाहेरची जखम, आजचं पुस्तक उघडलं तरी धनुर्वाताचे दरवाजे हेच. तेव्हा जंतू बिंतू कुणाला माहीत नव्हता, मायक्रोस्कोप नव्हता, पण ज्यानं हे लिहिलं त्यानं रोगी शेजारी बसून पाहिलाय एवढं नक्की. धनुःस्तंभाचा धनुर्वात लोकांच्या तोंडी झाला, बाकी धनुष्य तेच.

मग ग्रीकांनी काय केलं? त्यांनीही तेच पाहिलं. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर जी वैद्यकाची सूत्रं आहेत त्यात आहे की टिटॅनस झालेला चार दिवसांत मरतो, चार दिवस काढले तर वाचतो. त्याच परंपरेतल्या नोंदींमध्ये एका मोठ्या जहाजाच्या कप्तानाची केस आहे, नांगराखाली उजव्या हाताचं पहिलं बोट चिरडलं, मग जबडा धरला, मग पाठ वाकली. आमच्या शेतकऱ्याचा अंगठा आणि त्या कप्तानाचं बोट यांत दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत पण केसपेपर एकच निघेल. मागे वाकण्याला त्यांनी ओपिस्थोटोनस म्हटलं, म्हणजे मागचा ताण, आणि पुढे वाकण्याला एम्प्रोस्थोटोनस. आमचे बाह्यायाम आणि अभ्यंतरायाम शेजारी ठेवा, जोड्या लावा प्रश्नासारखं जुळतं. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जननं 1809 साली एका जखमी सैनिकाचं चित्र काढलंय, मागे वाकलेला, डोकं आणि टाचा टेकलेल्या. ते नेटवर बघा, पण जेवायच्या आधी नको.

आता गंमत इथे आहे आणि ती मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती, नंतर शब्दकोश चाळता चाळता सापडली. टिटॅनस हा ग्रीक टेटानोस, ताणलेला, त्याचं मूळ ताणणे या अर्थाचा ग्रीक धातू. आणि तो आणि आपला संस्कृत तन् हे सख्खे भाऊ, एकाच जुन्या घरातले. संस्कृतात तन् धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप ततान होतं, आणि ग्रीकात टेटानोस, दोन्हीकडे पहिलं अक्षर दोनदा आलंय, म्हणून बघा ना मोठ्यानं, ततान, टेटानोस. अपतानक मध्येही तोच तन्. मराठीत ताण, ताणणं, तंतू, विणकराचा ताणा-बाणा, बारीक अंगाची तनू, गवयाची तान, सगळे याच घरचे. इंग्रजीकडे गेलात तर टेन्शन, आमच्याकडे अर्धे पेशंट ज्याला नुसतं टेन्शन म्हणतात ते हायपरटेन्शन, स्नायूंचा टोन, आणि अशक्तपणा आला की लोक हट्टानं मागतात ते टॉनिक. टॉनिकची बाटली आणि धनुर्वात एकाच आडनावाचे, हे मी पेशंटना सांगत नाही, नाहीतर कुणी पिणार नाही. संतान हा शब्दही तिथलाच, पुढे ताणत नेलेला वंश.

आणि धनुष्य? ते पण ग्रीकांकडे आहे, पण दुसऱ्याच खिशात. टॉक्झिन हा शब्द टॉक्सॉन वरून आलाय आणि टॉक्सॉन म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायचं विष ते धनुष्याचं औषध, त्यातनं धनुष्य गळून नुसतं विष उरलं. आता आपण जे टीटीचं इंजेक्शन म्हणतो ते काय, टिटॅनस टॉक्सॉइड. पहिला टी ताणाचा, दुसरा टी धनुष्याचा! लसीकरणाच्या कार्डावर ही दोन अक्षरं मी हजारो वेळा लिहिली असतील आणि मला पत्ता नव्हता की मी धनुर्वाताच्या लसीवर धनुष्यच लिहितेय. हा योगायोग आहे, याचा अर्थ लगेच ग्रीकांनी आपलं चोरलं किंवा आपण त्यांचं चोरलं असं कृपया कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ताण दोघांच्या भाषेत आधीपासून होता आणि वाकलेला माणूस दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिला.

राहिला वात. इथेच लोकांची जास्त फसगत होते. आपल्या बोलण्यात वात म्हणजे गुडघे धरणं, पोटात गॅस, आणि पोरानं डोक्याला आणलेला. समईतली वात आणखी निराळी, तिचं मूळच वेगळं. धनुर्वातातला वात म्हणजे शरीरात हालचाल घडवणारी शक्ती, म्हणूनच त्याच अध्यायात पक्षाघात आहे, तोंड वाकडं होणारं अर्दित आहे, पायात कळ जाणारी गृध्रसी आहे, म्हणजे आज आपण ज्यांना नसांचे आजार म्हणू त्यातले कितीतरी. तो काही तेल लावून आणि शेक देऊन काढायचा वात नाही. नाव वाताचं म्हणून आधी मालिश करत बसलेले मी पाहिलेत, आणि इथे एकेक तास महत्त्वाचा असतो, लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं असतं. बाकी वाऱ्यावर आळ घेणारे आपण एकटे नाही बरं का. चिनी आणि जपानी लोक या रोगाला जे नाव देतात त्याचा अर्थ साधारण फुटलेल्या जखमेचा वारा असाच होतो, जखमेतून वारा आत शिरला अशी कल्पना. आणि ज्या माणसानं 1889 साली बर्लिनला कॉखच्या प्रयोगशाळेत हा जंतू पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला तो शिबासाबुरो कितासातो जपानीच. पुढच्याच वर्षी, 1890 मध्ये, त्यानं आणि एमिल फॉन बेरिंगनं मिळून विषावरचा उतारा रक्तातच तयार होतो हे दाखवलं. लस आली ती 1920 च्या दशकात.

दातखीळ शब्दही जाता जाता बघा, किती नेमका आहे. दाराला खीळ बसते तशी दातांना. पेशंट आला की तोंडात तीन बोटं जातायत का हे बघायची सवय आम्हाला लावलेली असते, तीच ती खीळ. आपण भाषणाला उभं राहून गप्प पडलेल्या माणसाला दातखीळ बसली का रे म्हणतो ते चेष्टेनं, पण शब्द मुळात आजाराचा. संस्कृतात हनुग्रह, हनु म्हणजे जबडा, हनुमानातला. हनुवटी तिथलीच. म्हणजे या रोगात हनु आणि वायू दोन्ही मारुतीचे, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. आणि खीळ आणि खिळा हे एकाच कील शब्दातून आलेले. खिळ्यानं खीळ बसते हे ऐकायला छान, पण यातला गंज निर्दोष आहे. लोहाराच्या दुकानातला गंज धनुर्वात करत नाही. जंतूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, काही मिनिटं उकळलं तरी मरत नाहीत इतके चिवट, आणि त्यांना हवा नको असते. गंजका खिळा गोठ्यात पडलेला असतो आणि खोल टोचतो, जिथे हवा पोचत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. बाभळीचा काटा, जनावराचं शिंग, कुदळ, सगळे त्याच पंक्तीला. चकचकीत नव्या खिळ्याला शेणमाती लागलेली असेल तर तो तितकाच वाईट, आणि लोक मला विचारतात, मॅडम खिळा नवा होता, इंजेक्शन लागेल का.

तुमच्या लेखकाची बाजूही सांगते, म्हणजे माझ्यावर चिडायला नको. फिजिऑलॉजीच्या पुस्तकात टिटॅनस हा शब्द आणखी एका अर्थानं येतो, स्नायूला एकामागून एक पटापट धक्के दिले की तो मधे सैल न पडता सलग आखडून राहतो, त्यालाही टिटॅनस म्हणतात, रोगाचा काही संबंध नाही. जर्मन भाषेत तर रोगाच्या नावातच क्रॅम्प आहे. शिवाय टिटॅनी नावाचा तिसराच प्रकार, कॅल्शियम कमी झालं की हाताची बोटं आणि पावलं आखडतात, तो. गूगलवर हे सगळं एका पानावर येतं आणि घाईत कॉपी करताना असं होणारच. पण मराठीत हा गोंधळ नव्हता हो, तो आपण इंग्रजीतनं आणून इथे सोडला.

आणि हा शब्द असा हलका करून चालणार नाही अशी एक जागा आहे, म्हणून एवढं लांबण लावलं. माझ्या पिढीच्या आरोग्य सेविकांना विचारा. बाळ पहिले दोन दिवस चांगलं दूध ओढतं, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी आठवड्यानं, तोंड उघडेनासं होतं, ओठ चंबू होतात, अंग लाकूड होतं. नाळ विळ्यानं नाहीतर जुन्या ब्लेडनं कापलेली, वर राख नाहीतर शेण लावलेलं. डब्ल्यूएचओच्या अंदाजानं 1988 साली जगभरात 7,87,000 नवजात बाळं धनुर्वातानं गेली. एका वर्षात. मग गरोदर बायकांना टीटीची इंजेक्शनं, दाईंना ते स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ असं पाच बोटांवर मोजून शिकवणं, दवाखान्यातली बाळंतपणं, असं करत करत 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. उच्चाटन म्हणजे शून्य नाही, प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी. कारण माती काही निर्जंतुक होत नाही. हा देवीसारखा कायमचा जाणारा रोग नाही, आणि शेजाऱ्यानं लस घेतली म्हणून आपल्याला फायदा होईल असाही नाही, कारण तो माणसाकडून माणसाला होतच नाही. एकदा होऊन वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते, कारण रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. या सगळ्या काळात भिंतींवर गेरूनं रंगवलेला शब्द होता धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या जोडीनं, त्रिगुणी लस म्हणून. न शिकलेल्या बायकांना तो कळत होता आणि त्याची भीती वाटत होती, आणि त्या भीतीनंच त्या सुई टोचून घ्यायला आल्या. उद्या त्यांच्या नातीनं तुमची चौकट वाचून धनुर्वात म्हणजे पायात येतो तो गोळा असं धरलं तर गरोदरपणात इंजेक्शनला कशाला येईल ती?

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. मसल स्पॅझमला पेटका लिहा, गोळा लिहा, स्नायू आखडणं लिहा, नाहीतर सरळ स्पॅझम लिहा, लोकांना कळतं.

आजोबांचं सांगायचं राहिलं. त्यांना हे एवढं सगळं नाही सांगितलं, फक्त टॉर्च घेऊन तोंड उघडायला लावलं, चांगलं घशापर्यंत उघडलं, म्हटलं धनुर्वात असता तर हे जमलं नसतं. मग विचारलं शेवटचं टीटी कधी घेतलंत, तर म्हणे बैलानं शिंग मारलं होतं तेव्हा, म्हणजे वीस-बावीस वर्षं झाली असतील. म्हटलं हात पुढे करा. 2019 पासून सरकारी कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आलंय, त्यात घटसर्पाचाही थोडा डोस असतो, असं सांगत मी सुई भरत होते. ते म्हणाले, टीटी काय नि टीडी काय, तेच ते, टोचा. कात्रण मात्र त्यांनी परत मागून घेतलं, मागच्या बाजूला शब्दकोडं होतं ते अर्धवट राहिलेलं.

आपली,
एक वाचक, बार्शी